घरच्या कॅमेऱ्यातील चित्रण : हक्क कोणाचा, जबाबदारी कोणाची?

नवी मुंबई, प्रतिनिधी

वाशीपासून खारघरपर्यंतच्या गृहनिर्माण संस्थांमध्ये प्रवेशद्वार, लिफ्ट, जिना आणि वाहनतळ यांवर नजर ठेवणारे कॅमेरे आता सर्रास दिसतात. त्यापुढची पायरी म्हणजे सदनिकेच्या दारावरचा आणि दिवाणखान्यातला कॅमेरा. कामावर गेलेले आईवडील मोबाइलवर घरातील मुलांकडे पाहतात, परगावी असलेला मुलगा वृद्ध आईची खबर घेतो. चोरी झाली तर पोलीस सर्वप्रथम चित्रणाचीच चौकशी करतात. कॅमेऱ्याचा हा उपयोग कोणी नाकारणार नाही. मात्र कॅमेऱ्यात टिपलेले चित्रण कोणाचे, ते कोणी पाहावे, किती दिवस ठेवावे आणि ते बाहेर फुटले तर दाद कोठे मागावी, याविषयी ग्राहकांमध्ये मोठी संदिग्धता आहे.

घरगुती कॅमेऱ्यांसाठी देशात स्वतंत्र कायदा नाही. घटनेतील मूलभूत हक्क, फौजदारी कायदा, माहिती तंत्रज्ञान कायदा, ग्राहक संरक्षण कायदा आणि २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा अशा पाच ठिकाणी विखुरलेल्या तरतुदी एकत्र करूनच उत्तर शोधावे लागते. हे उत्तर प्रामुख्याने एका गोष्टीवर अवलंबून आहे, ती म्हणजे चित्रण कोणाच्या ताब्यात आहे. घरमालक, गृहनिर्माण संस्था आणि कॅमेऱ्याची सेवा पुरविणारी कंपनी या तिघांना लागू होणारे नियम वेगवेगळे आहेत.

पाया मूलभूत हक्काचा

सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या घटनापीठाने २४ ऑगस्ट २०१७ रोजी न्या. के. एस. पुट्टस्वामी खटल्यात खासगीपणा हा राज्यघटनेच्या २१व्या कलमाने दिलेल्या जीविताच्या व व्यक्तिस्वातंत्र्याच्या हक्काचा अविभाज्य भाग असल्याचा निर्वाळा दिला. त्यापूर्वीच नेमलेल्या निवृत्त न्यायमूर्ती बी. एन. श्रीकृष्ण यांच्या समितीने जुलै २०१८ मध्ये आपला अहवाल सादर केला. अनेक मसुदे आले आणि संसदेत मांडलेले एक विधेयक मागेही घेतले गेले. अखेर ऑगस्ट २०२३ मध्ये डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्याला राष्ट्रपतींची मंजुरी मिळाली. त्याचे नियम नोव्हेंबर २०२५ मध्ये अधिसूचित झाले. कायद्याची अंमलबजावणी मात्र टप्प्याटप्प्याने ठरविण्यात आली आहे. डेटा संरक्षण मंडळाविषयीच्या तरतुदी तत्काळ लागू झाल्या, तर संमती, सुरक्षितता, माहिती पाहण्याचा व पुसून घेण्याचा हक्क या ग्राहकाच्या दृष्टीने महत्त्वाच्या तरतुदींसाठी १८ महिन्यांची मुदत ठेवण्यात आली. ती मे २०२७ मध्ये संपते.

ज्या चित्रणातून व्यक्तीची ओळख पटते, ते या कायद्याच्या अर्थाने वैयक्तिक डेटाच होय. चेहरा, गाडीचा क्रमांक, घरी येण्याजाण्याची वेळ या साऱ्यांचा त्यात समावेश होऊ शकतो.

स्वतःच्या घरातील कॅमेरा

नव्या कायद्याच्या तिसऱ्या कलमानुसार एखाद्या व्यक्तीने वैयक्तिक किंवा घरगुती कारणासाठी हाताळलेल्या माहितीला हा कायदा लागूच होत नाही. त्यामुळे स्वतःच्या घराच्या सुरक्षिततेसाठी कॅमेरा बसविणाऱ्या नागरिकाला या कायद्याखाली कोणाची लेखी संमती घेण्याची किंवा सूचनाफलक लावण्याची सक्ती असणार नाही. या सवलतीचा अर्थ घरमालकाला मोकळे रान मिळाले असा मात्र नव्हे, कारण फौजदारी कायदा प्रत्येकाला लागू आहेच.

माहिती तंत्रज्ञान कायद्याच्या ६६ ई या कलमाखाली एखाद्या व्यक्तीच्या खासगी अवयवांचे तिच्या संमतीविना चित्रण करणे, ते प्रसिद्ध करणे किंवा दुसऱ्याला पाठविणे हा गुन्हा आहे. त्यासाठी तीन वर्षांपर्यंत कारावास, दोन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षांची तरतूद आहे. हे कलम स्त्री-पुरुष भेद करीत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेच्या ७७व्या कलमाखाली स्त्रीच्या खासगी क्षणांचे चोरून चित्रण करणाऱ्यास पहिल्या गुन्ह्यासाठी एक ते तीन वर्षे आणि पुन्हा तोच गुन्हा केल्यास तीन ते सात वर्षे कारावास व दंड होऊ शकतो. स्त्रीने चित्रणाला संमती दिली असली, पण ते इतरांना दाखविण्यास दिली नसली, तरी चित्रणाचा प्रसार गुन्हाच ठरतो.

घरकामासाठी येणारी बाई, मुलांना सांभाळणारी आया, आजाऱ्याची शुश्रूषा करणारी परिचारिका यांनाही हे संरक्षण मिळते. त्यांच्या कपडे बदलण्याच्या किंवा विश्रांतीच्या जागी कॅमेरा लावणे मालकाला महागात पडू शकते. दिवाणखान्यात किंवा स्वयंपाकघरात कॅमेरा असेल तर कामावर ठेवतानाच तशी स्पष्ट कल्पना देणे हे सौजन्याचेही आहे आणि पुढील वाद टाळणारेही. ऐरोली, घणसोली, कोपरखैरणे परिसरात नोकरदार व विद्यार्थी पैसे देऊन राहतात अशा घरांचा प्रश्न याहून वेगळा आहे. तेथे मालक व्यवसाय करीत असल्याने घरगुती कारणाची सवलत त्याला मिळण्याची शक्यता कमी आहे.

एकाच छताखाली राहणाऱ्यांमध्येही खासगीपणाचा प्रश्न उद्भवतो. कोलकात्यातील एका वास्तूत राहणाऱ्या सहनिवाशांच्या वादात कलकत्ता उच्च न्यायालयाच्या खंडपीठाने फेब्रुवारी २०२५ मध्ये, निवासी भागाच्या आत इतर रहिवाशांच्या संमतीविना कॅमेरे चालविणे हा त्यांच्या खासगीपणाचा भंग असल्याचा निर्णय दिला. त्याविरुद्धची याचिका मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने फेटाळली. संयुक्त कुटुंबे आणि भाडेकरू यांच्या दृष्टीने हा निर्णय महत्त्वाचा आहे.

शेजाऱ्याच्या दारावर रोखलेली नजर

नवी मुंबईच्या नगररचनेत घरे एकमेकांच्या अगदी समोर येतात. सिडकोच्या जुन्या बैठ्या वसाहती, रो हाऊस आणि समोरासमोर दारे असलेले सदनिकांचे मजले ही त्याची उदाहरणे आहेत. वास्तुरचनाकार चार्ल्स कोरिया यांनी ऐंशीच्या दशकात रचलेल्या बेलापूरच्या आर्टिस्ट व्हिलेजमध्ये तर सात घरे एका सामायिक अंगणाभोवती बांधलेली आहेत. अशा अंगणात एका घराने लावलेला कॅमेरा उरलेल्या सहा घरांची जा-ये टिपू शकतो. स्वतःच्या दाराचे रक्षण करता करता शेजाऱ्याच्या दिनक्रमाची नोंद होऊ लागते आणि वादाला तोंड फुटते.

घरगुती कारणाची सवलत कॅमेऱ्याची नजर घराबाहेर गेल्यावरही टिकते काय, हा या विषयातील कळीचा प्रश्न आहे. युरोपीय न्यायालयाने डिसेंबर २०१४ मध्येच त्याचे उत्तर दिले. चेक प्रजासत्ताकातील एका घरमालकाने घरावरील हल्ल्यांमुळे कॅमेरा लावला होता. त्यात सार्वजनिक पदपथ आणि समोरच्या घराचे दारही दिसत होते. हा वापर निव्वळ घरगुती मानता येणार नाही, असे न्यायालयाने म्हटले. इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डच्या न्यायालयाने ऑक्टोबर २०२१ मध्ये दारावरची घंटा-कॅमेरा व इतर कॅमेऱ्यांतून शेजारणीचे चित्रण झाल्याच्या प्रकरणात डेटा संरक्षण कायद्याचा भंग झाल्याचे मान्य केले. दूरवरचे संभाषण टिपणारे ध्वनिमुद्रण चित्रापेक्षाही अधिक आक्षेपार्ह असल्याचे मत त्या न्यायाधीशांनी नोंदविले.

भारतीय कायद्यात 'घरगुती कारण' या शब्दांची मर्यादा अद्याप आखली गेलेली नाही. केरळ उच्च न्यायालयापुढे असाच वाद आला, तेव्हा सुरक्षिततेच्या नावाखाली शेजाऱ्यांच्या व्यवहारात डोकावण्याची मुभा देता येणार नाही, असा न्यायालयाचा सूर होता. शेजाऱ्याच्या कॅमेऱ्याविरुद्ध दाद मागण्याचा क्रम सामान्यतः असा राहतो : प्रथम लेखी विनंती, नंतर संस्थेच्या कार्यकारी समितीकडे तक्रार, आणि तेवढ्याने भागले नाही तर दिवाणी न्यायालयात मनाई हुकमासाठी दावा. कॅमेऱ्याचा रोख शयनगृहाच्या किंवा स्नानगृहाच्या खिडकीकडे असेल तर मात्र थेट पोलीस ठाणे गाठणे योग्य. बहुतेक आधुनिक कॅमेऱ्यांत चित्राचा ठरावीक भाग झाकून टाकण्याची सोय असते. शेजाऱ्याचे दार व खिडकी झाकली जाईल अशी मांडणी करून तिचे छायाचित्र शेजाऱ्याला दाखविल्यास अनेक तंटे चहाच्या पेल्यातच मिटू शकतात.

संस्थेचा कॅमेरा, समितीची जबाबदारी

घरगुती कारणाची सवलत 'व्यक्ती'ला आहे. सहकारी गृहनिर्माण संस्था ही व्यक्ती नव्हे, त्यामुळे तिला या सवलतीचा आधार घेता येणार नाही. मे २०२७ नंतर संस्थेच्या कॅमेऱ्यांचे चित्रण हाताळताना ते कशासाठी केले जाते हे सांगणे, ते सुरक्षित ठेवणे, गरज संपल्यावर पुसून टाकणे आणि चित्रण फुटल्यास संबंधितांना व मंडळाला कळविणे ही कर्तव्ये समितीला टाळता येणार नाहीत. नियमांप्रमाणे अशा घटनेचा तपशील मंडळाला ७२ तासांत द्यावा लागेल. संमतीविना माहिती वापरता येईल अशा कारणांची यादी कायद्याने दिली आहे. त्यात निवासी संकुलाची सुरक्षितता असे स्वतंत्र कारण नाही. म्हणूनच प्रवेशद्वारावर ठळक सूचनाफलक आणि सर्वसाधारण सभेत मंजूर झालेले लेखी धोरण यांना विशेष महत्त्व येणार आहे.

सध्या अनेक ठिकाणी संस्थेचे चित्रण पाहण्याचा पासवर्ड सचिवापासून सुरक्षारक्षकापर्यंत अनेकांकडे असतो. एखाद्या सभासदाकडे कोण आले, किती वाजता गेले याची चर्चा व्हॉट्सअॅप समूहावर रंगते. संशयावरून एखाद्याचे चित्रण 'चोर' म्हणून प्रसृत केले आणि तो निर्दोष निघाला, तर न्याय संहितेच्या ३५६व्या कलमाखाली बदनामीचा खटला ओढवू शकतो. लैंगिक गुन्ह्यातील पीडितेची किंवा बालकाची ओळख उघड करणारे चित्रण पुढे पाठविणे हा तर स्वतंत्र गुन्हा आहे.

सभासदाला संस्थेचे चित्रण मागण्याचा हक्क आहे काय, असाही प्रश्न वारंवार विचारला जातो. सहकार कायद्याने सभासदाला पाहता येणाऱ्या दप्तराची यादी दिली आहे, परंतु तीत चित्रणाचा समावेश नाही. नवा कायदा पूर्णपणे लागू झाल्यावर व्यक्तीला स्वतःविषयीच्या माहितीची विचारणा करता येईल. मात्र त्याच चित्रणात इतरही दिसत असतील तर त्यांचा खासगीपणा जपूनच ते द्यावे लागेल. तोपर्यंत चोरी, अपघात किंवा वाहनाची नासधूस झाल्यास सभासदाने चित्रण राखून ठेवण्याची लेखी मागणी त्याच दिवशी समितीकडे करावी. साठवण भरली की यंत्र जुन्या चित्रणावर नवे चित्रण नोंदवते आणि पुरावा कायमचा नष्ट होतो.

कंपनीच्या संगणकात साठलेले घर

इंटरनेटला जोडलेला कॅमेरा घेतला की चित्रण बहुधा कंपनीच्या दूरस्थ संगणकावर, म्हणजे क्लाउडवर साठविले जाते. ते तेथे पोहोचले की घरमालकाचा त्यावरील ताबा सैल होतो. अमेरिकेत दारावरच्या कॅमेऱ्यांसाठी प्रसिद्ध असलेल्या रिंग या अॅमेझॉनच्या कंपनीविरुद्ध तेथील फेडरल ट्रेड कमिशनने मे २०२३ मध्ये कारवाई केली. कर्मचाऱ्यांना ग्राहकांचे खासगी चित्रण पाहता येत होते आणि घुसखोरांना रोखण्याचे उपाय अपुरे होते, असा आयोगाचा आरोप होता. कंपनीने ५८ लाख डॉलर देण्याचे मान्य केले. २०२४ मध्ये त्यातील ५६ लाख डॉलरहून अधिक रक्कम थेट ग्राहकांना परत करण्यात आली.

भारतातही धोक्याची घंटा वाजून गेली आहे. फेब्रुवारी २०२५ मध्ये राजकोटच्या एका प्रसूतिगृहातील महिला रुग्णांचे चित्रण समाजमाध्यमांवर विक्रीस आल्याचे उघड झाले. गुजरात पोलिसांनी अटक केलेल्यांत महाराष्ट्रातील तरुणही होते. कॅमेऱ्याचा मूळचा, कोणालाही अंदाज बांधता येईल असा पासवर्ड कायम ठेवल्याने घुसखोरांचे काम सोपे झाल्याचे तपासात निष्पन्न झाले. २०१६ मध्ये जगभर खळबळ उडविणाऱ्या 'मिराई' या घातक प्रणालीनेही न बदललेल्या पासवर्डचाच फायदा घेऊन घरोघरचे कॅमेरे ताब्यात घेतले होते. त्यानंतर केंद्र सरकारने कॅमेऱ्यांच्या सुरक्षिततेचे निकष ठरवून एप्रिल २०२५ पासून त्यांची चाचणी सक्तीची केली.

अशा प्रसंगी ग्राहकाला भरपाई कोण देणार? माहिती तंत्रज्ञान कायद्याचे ४३ अ हे कलम निष्काळजी कंपनीकडून भरपाई मिळवून देते. परंतु २०११ च्या नियमांत 'संवेदनशील' माहितीच्या यादीत पासवर्ड, आर्थिक तपशील, आरोग्यविषयक व बायोमेट्रिक माहिती आहे. साध्या घरगुती चित्रणाचा उल्लेख नाही. नवा कायदा पूर्णपणे लागू होताच हे कलमही रद्द होईल. नव्या कायद्यात सुरक्षिततेची हेळसांड करणाऱ्या कंपनीला २५० कोटी रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. हा दंड सरकारच्या संचित निधीत जमा होईल. ज्याचे चित्रण फुटले त्याला त्यातून काहीही मिळणार नाही. एवढ्या मोठ्या आकड्याच्या आड ही उणीव सहज झाकली जाते.

म्हणूनच ग्राहक संरक्षण कायद्याचे महत्त्व कायम राहते. २०२० पासून लागू असलेल्या २०१९ च्या या कायद्याने ग्राहकाने विश्वासाने दिलेली वैयक्तिक माहिती कायद्याच्या आधाराविना दुसऱ्याला उघड करणे ही 'अनुचित व्यापारी प्रथा' ठरविली आहे. सेवेतील त्रुटीबद्दल भरपाईही मागता येते. नवा डेटा कायदा इतर कायद्यांना पूरक असल्याचे त्यातच नमूद असल्याने हा मार्ग बंद होत नाही. तक्रार ग्राहक जेथे राहतो तेथील आयोगाकडे दाखल करता येते. कंपनीचे कार्यालय बंगळुरू किंवा परदेशात असले तरी नवी मुंबईच्या ग्राहकाला तेथे खेटे घालण्याची गरज नाही. मोजलेली किंमत पाच लाख रुपयांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात शुल्क लागत नाही. तक्रार कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत करावी लागते. १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर प्राथमिक मार्गदर्शन मिळते.

पोलिसांनी चित्रण मागितल्यास

भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या ९४व्या कलमाखाली पोलीस ठाण्याच्या प्रभारी अधिकाऱ्याला तपासासाठी आवश्यक वस्तू किंवा इलेक्ट्रॉनिक नोंद लेखी आदेशाद्वारे मागविता येते. नागरिकाने सहकार्य करावे. मात्र लेखी आदेशाची प्रत घ्यावी, काय दिले व केव्हा दिले याची पोच घ्यावी आणि शक्य असल्यास मूळ नोंद जतन करून प्रत द्यावी.

चित्रण न्यायालयात पुरावा म्हणून टिकण्यासाठी प्रमाणपत्र लागते, हा धडा महाराष्ट्रातीलच एका खटल्याने देशाला दिला. जालना विधानसभा मतदारसंघात २०१४ मध्ये अर्जुन खोतकर २९६ मतांनी विजयी झाले. त्यांचा उमेदवारी अर्ज मुदत संपल्यावर दाखल झाला, असा आक्षेप कैलास गोरंट्याल यांनी घेतला आणि निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातील कॅमेऱ्यांच्या चित्रणाचा आधार घेतला. उच्च न्यायालयाने २०१७ मध्ये निवड रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने १४ जुलै २०२० रोजी अपील फेटाळताना, इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य असल्याचे स्पष्ट केले. मूळ यंत्रच न्यायालयात हजर करता आले तर गोष्ट वेगळी. आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या ६३व्या कलमानुसार हे प्रमाणपत्र दोन भागांत द्यावे लागते. पहिला भाग चित्रण सादर करणाऱ्याचा आणि दुसरा तज्ज्ञाचा असतो. चित्रणात फेरफार झालेला नाही हे पडताळण्यासाठी त्याचे 'हॅश मूल्य'ही त्यात नमूद करतात. मोबाइलवर पडद्याचे चित्रण करून पाठविलेली फीत न्यायालयात लंगडी पडते ती यामुळेच.

ग्राहकांसाठी दक्षतेच्या सूचना

* कॅमेरा बसविताच मूळ पासवर्ड बदलावा आणि दुहेरी पडताळणीची सोय सुरू करावी.
* बसविणाऱ्या तंत्रज्ञाने स्वतःच्या नावे खाते उघडले असेल तर ते बंद करून घ्यावे.
* खरेदीपूर्वी चित्रण कोठे साठते, किती दिवस राहते आणि कोणाला दिसते याची विचारणा करावी. पावती व शर्तींची प्रत जपून ठेवावी.
* गरज नसल्यास ध्वनिमुद्रण बंद ठेवावे. शयनगृह व स्नानगृहाच्या परिसरात कॅमेरा लावू नये.
* कॅमेरा विकताना किंवा दुरुस्तीस देताना साठवणपट्टी काढून घ्यावी आणि यंत्रातील खाते पुसून टाकावे.
* चित्रण फुटल्याचे कळताच पुरावा जतन करून नजीकच्या पोलीस ठाण्यात किंवा राष्ट्रीय सायबर गुन्हे संकेतस्थळावर तक्रार नोंदवावी. कंपनीलाही लेखी कळवावे.

मे २०२७ पर्यंतचा काळ हा संस्था आणि कंपन्यांसाठी तयारीचा आहे. येत्या सर्वसाधारण सभेत कॅमेऱ्यांची संख्या वाढविण्याचा ठराव आला, तर चित्रण कोण पाहणार आणि ते किती दिवसांनी पुसले जाणार, ही दोन कलमेही त्याच ठरावात नोंदवून घेणे सभासदांच्या हिताचे ठरेल.